अठरा आलं तरी चौदाची डागडुजी

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा सगळा हिशेब ज्या सर्व्हरवर आहे, त्यात पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस आहे. संगणकाचं काम बघणारा मुलगा दर तीन महिन्यांनी येतो, काहीतरी अपडेट टाकतो आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहून, सही करून जातो. २०२४ च्या नोव्हेंबरात तर लागोपाठ दोन आठवडे आला. आधी १४.१४ लिहिलं, मग १४.१५. परवा सहज चौकशी केली तेव्हा कळलं, की त्या वेळीच १७ निघालेलं होतं आणि आता तर १८ आहे. नवा माल तयार असताना हे लोक जुन्यालाच ठिगळं का लावत बसतात? संचालक मंडळात कुणी विचारलं तर काय सांगू?
– एका पतसंस्थेचे व्यवस्थापक, जि. सांगली

उत्तर : मुलगा चोख काम करतोय, असं बिनधास्त सांगा. आणि ते रजिस्टर जपून ठेवा. कोणत्या दिवशी कोणता आकडा टाकला हे सहीनिशी लिहून ठेवणारी माणसं मोठमोठ्या कंपन्यांतही शोधावी लागतात.

घोटाळा आकड्यांनी केला आहे. १४.१४, १४.१५ आणि पुढे १५, १६, १७, १८ हा एकच जिना वाटतो, पण हे दोन वेगळे जिने आहेत. पोस्टग्रेसमध्ये २०१७ साली आलेल्या १० पासून नियम सरळ आहे. टिंबाआधीचा आकडा ही आवृत्ती, आणि टिंबानंतरचा आकडा त्या आवृत्तीतल्या दुरुस्त्यांचा हप्ता. (त्याआधी ९.५ आणि ९.६ या दोन वेगळ्या आवृत्त्या धरत, तेव्हा या धंद्यातली माणसंही अडखळायची.) आवृत्ती वर्षातून एकदा, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येते. दुरुस्त्यांचा हप्ता फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी येतो. म्हणजे तुमचा मुलगा तीन महिन्यांनी येतो तो स्वतःच्या सवडीनं नाही, या वेळापत्रकानं.

हप्त्यात नवीन सोय एकही नसते. डिस्कवर तुमचा डेटा ज्या रचनेत लिहिलेला आहे, तिला हात लागत नाही. सर्व्हर थांबवायचा, जुन्या प्रोग्रामच्या जागी नवा टाकायचा, सर्व्हर सुरू करायचा. काउंटर उघडायच्या आत उरकतं. १४ वरून १८ वर जाणं मात्र वेगळं प्रकरण आहे. चौदानं लिहिलेला फोल्डर अठराच्या हाती दिला, तर अठरा तो उघडायलाच नकार देतं. त्यासाठी सगळा डेटा एकदा बाहेर काढून पुन्हा भरावा लागतो, नाहीतर पीजी-अपग्रेड नावाच्या अवजारानं रूपांतर करावं लागतं. ते अवजार चांगलं आहे. पण खरा त्रास रूपांतरानंतर सुरू होतो.

कारण नवी आवृत्ती म्हणजे जुनं सगळं अधिक थोडं नवीन, असं कधीच नसतं. काही जुन्या सवयी मुद्दाम मोडलेल्या असतात, आणि बहुतेक वेळा योग्य कारणासाठी मोडलेल्या असतात. १४ मध्येच पासवर्ड साठवायची मूळ पद्धत बदलली. आधीची एमडी-५ पद्धत कच्ची होती, तिच्या जागी स्क्रॅम नावाची पक्की पद्धत आली. चांगलंच झालं, पण ज्या जुन्या सॉफ्टवेअरच्या जोडणीला स्क्रॅम समजत नव्हतं, त्याला दारातच अडवलं गेलं. १५ मध्ये आणखी एक बदल झाला. नव्यानं तयार केलेल्या डेटाबेसमध्ये वाटेल त्या युजरला सार्वजनिक जागेत टेबल बनवता येईनासं झालं. सुरक्षेच्या दृष्टीनं हे फार आधी व्हायला हवं होतं. पण समजा, तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर दर १ एप्रिलला नव्या आर्थिक वर्षाचा नवा डेटाबेस उघडतं आणि मर्यादित अधिकारांच्या युजरनं त्यात टेबलं बनवतं. तर ज्या वर्षी तुम्ही १५ वर गेलात, त्या वर्षीच्या १ एप्रिलला सकाळी काउंटरवर काय होईल, ते तुम्हीच ओळखा. आणि हे मार्चअखेरपर्यंत कुणाच्या लक्षातही येणार नाही.

याहून नाठाळ उदाहरण पोस्टग्रेसच्या खाली, लिनक्समध्ये घडलं. अक्षरं आणि चिन्हं कोणत्या क्रमानं लावायची, याचे नियम पोस्टग्रेस बहुतेक ठिकाणी लिनक्सच्या जीलिबसी या मूळ ग्रंथालयाकडून घेतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जीलिबसीची २.२८ आवृत्ती आली आणि तिनं हे नियम आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अद्ययावत केले. चूक काहीच नव्हती, उलट सुधारणाच होती. फरक किती बारीक, तर आधी '११' हे '१-१' च्या आधी यायचं, आता '१-१' आधी आणि '११' नंतर. आता असं धरा, की तुमचे खाते क्रमांक शाखा आणि खातं यांच्यामध्ये आडवी रेघ देऊन लिहिलेले आहेत. डेटाबेसची अनुक्रमणिका, म्हणजे इंडेक्स, डिस्कवर जुन्या क्रमानं रचलेली आहे. कुणीतरी हौसेनं खालचं लिनक्स नवीन केलं. आता खातं शोधताना डेटाबेस नव्या क्रमानं वाट काढतो, जुन्या रचनेत चुकीच्या फांदीवर जातो आणि शांतपणे सांगतो, की असं खातं नाही. खातं असतं. पैसे असतात. फक्त सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे, 'हा क्रमांक आधीच आहे' हे न कळल्यामुळे त्याच क्रमांकाचं दुसरं खातंही उघडू शकतं. इंडेक्स नव्यानं बांधला की प्रश्न मिटतो, पण त्यासाठी आधी तो प्रश्न आहे हे कुणाला तरी कळावं लागतं. पडद्यावर लाल अक्षरात काही येत नाही.

म्हणून जगभर लाखो ठिकाणी लोक आपल्या आवृत्तीला धरून बसतात. त्यात आळस असतोच, नाही असं नाही. पण 'चालतंय त्याला हात लावू नका' म्हणणारा माणूस दर वेळी मागासलेला नसतो. त्याला फक्त चूक सुधारून हवी असते, वागणूक बदलून नको असते. बनवणाऱ्यांनाही हे मान्य आहे. विद्यापीठात अभ्यासक्रमाचा पॅटर्न बदलला, तरी जुन्या पॅटर्नच्या मागे राहिलेल्या मुलांसाठी आणखी काही सत्रं वेगळी प्रश्नपत्रिका काढावीच लागते. पोस्टग्रेसनं ही सोय प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं दिली आहे. त्यामुळे कोणत्याही वेळी साधारण पाच आवृत्त्या जिवंत असतात आणि त्या गुरुवारी पाचांचेही हप्ते एकाच दिवशी निघतात.

हे काम बाहेरून दिसतं तितकं सोपं नाही. एखादी चूक सापडली, की आधी ती सर्वांत पुढच्या, अजून बाहेर न आलेल्या आवृत्तीत सुधारतात. मग तीच दुरुस्ती एकेक करून मागच्या आवृत्त्यांमध्ये नेतात. पोस्टग्रेसवाले याला बॅकपॅच म्हणतात, लिनक्सवाले बॅकपोर्ट. मधल्या चार-पाच वर्षांत आसपासचा कोड बदललेला असतो. अठरामध्ये जी ओळ बदलायची, ती चौदामध्ये त्या जागी नसते, किंवा वेगळ्या नावानं दुसऱ्याच फाइलमध्ये असते. मग दुरुस्ती चौदाच्या भाषेत पुन्हा लिहावी लागते. त्यानंतर बिल्डफार्म नावाचा ताफा आहे, स्वयंसेवकांनी आपापल्या घरी-कचेरीत चालू ठेवलेल्या नाना तऱ्हेच्या संगणकांचा. ते प्रत्येक जिवंत आवृत्ती पुन्हा बांधून तपासतात. आणि काही चुका अशा निघतात, की त्या सुधारायला डिस्कवरची रचनाच बदलावी लागेल, किंवा लोकांना सवय झालेलं उत्तर वेगळं येऊ लागेल. त्या जुन्या आवृत्तीत सरळ सोडून देतात. दुरुस्ती माहीत असूनही हात आवरणं, हा या कामातला सर्वांत अवघड भाग असावा असं मला वाटतं. हाताशी हुशार माणसं असली की ते आणखी अवघड होतं.

आता तुमच्या नोव्हेंबरच्या दोन फेऱ्या. त्यात मुलाचा काही दोष नव्हता. १४ नोव्हेंबर २०२४ च्या गुरुवारी नेहमीप्रमाणे हप्ता निघाला. त्यात सुरक्षेच्या काही दुरुस्त्या होत्या. त्यांतल्या एका दुरुस्तीनं युजरला ठरावीक भूमिका नेमून देण्याची एक जुनी सोय मोडली. शिवाय आतल्या एका रचनेचा आकार किंचित बदलला. पोस्टग्रेसपुरता तो बदल निरुपद्रवी होता. पण पोस्टग्रेसला बाहेरून जोडले जाणारे काही विस्तार त्या रचनेचा जुना आकार गृहीत धरून बांधलेले होते. टाइमस्केलडीबी हे त्यांतलं ठळक नाव. ते अडचणीत आले. 'हप्त्यात वागणूक बदलणार नाही' हा शब्द नकळत मोडला गेला होता. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थांबण्याची सोय नव्हती, म्हणून वेळापत्रक सोडून पुढच्याच गुरुवारी, २१ नोव्हेंबरला, सगळ्या आवृत्त्यांचे हप्ते पुन्हा काढले. तुमच्या रजिस्टरमधलं १४.१५ ते हेच. त्या वेळी १२ ची पाच वर्षं भरली होती आणि १२.२१ हा तिचा शेवटचा हप्ता म्हणून जाहीरही झाला होता. पण मोडतोड त्या शेवटच्या हप्त्यातही गेलेली. तेव्हा निवृत्त झालेल्या बाराला आठवड्यानं परत बोलावून १२.२२ काढावं लागलं. कुणी पैसे मागितले नव्हते, कुणी कोर्टात गेलं नव्हतं. मला या मंडळींचं कौतुक वाटतं ते इथे.

एक सावधगिरीची गोष्ट, कारण तुमच्याकडे ऑडिट होत असणार. नुसत्या आकड्यावरून सॉफ्टवेअर सुरक्षित की असुरक्षित हे ठरवता येत नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये इंटरनेटवरच्या जोडण्या सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं, तेव्हा जगभर धावपळ झाली. भोक १.०.१ या आवृत्तीबरोबर २०१२ साली आलं होतं, एका नव्या सोयीसोबत. ज्यांच्याकडे त्याहून जुनी ०.९.८ होती, त्यांना या भोकाचा धोकाच नव्हता. दुरुस्ती झालेली आवृत्ती होती १.०.१जी. पण डेबियन सात या लिनक्सच्या आवृत्तीवाल्यांनी १.०.१ई तशीच ठेवून तेवढी दुरुस्ती तिच्यात बसवली आणि आकड्याच्या शेपटीला 'डेब७यू५' असं लावलं. ज्यांनी शेपूट वाचली नाही, त्यांना वाटलं सर्व्हर उघडा पडलाय. आजही यादी हातात घेऊन आलेले तपासनीस शेपूट न वाचता लाल शेरा मारतात. त्यांना ते रजिस्टर दाखवा.

हे सगळं करतं कोण आणि पैसे कुठून येतात, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण संचालक मंडळ विचारेल. पोस्टग्रेसचं मूळ अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या प्रकल्पात आहे आणि आज त्याची मालकी कोणत्याही एका कंपनीकडे नाही. ज्यांचा धंदा त्यावर चालतो अशा कंपन्या आपल्या पगारी माणसांना त्या कामाला लावतात. एंटरप्राइजडीबी ही त्यांतली एक, तिचं कार्यालय पुण्यातही आहे. पुण्यातच कार्यालय असलेली रेड हॅट तर जुनेपणाच विकते. लिनक्सची एक आवृत्ती निवडायची आणि दहा वर्षं तिची डागडुजी करायची, याचे ती वर्गणीनं पैसे घेते. नवीन न देण्याचे पैसे मोजायला बँका आणि विमा कंपन्या आनंदानं तयार असतात. आयबीएमनं ही कंपनी २०१९ मध्ये ३,४०० कोटी डॉलरना विकत घेतली, यावरून त्या धंद्याचा अंदाज करा.

पण माणसं थकतात. पायथॉन भाषेची ३.० आवृत्ती २००८ च्या डिसेंबरात आली, आणि जुन्या घराण्यातली २.७ त्यानंतर, २०१० मध्ये. २.७ ला २०१५ पर्यंत मुदत होती. लोक हलेनात, म्हणून ती २०२० पर्यंत वाढवली. शेवटचा हप्ता, २.७.१८, एप्रिल २०२० मध्ये निघाला. म्हणजे नवी भाषा आल्यावर अकरा वर्षांहून जास्त काळ जुनीची सेवा चालली. लिनक्सच्या गाभ्याच्या काही निवडक आवृत्त्यांना २०१७ मध्ये सहा वर्षांची मुदत द्यायचं ठरलं, २०२३ मध्ये नव्या आवृत्त्यांसाठी ती दोनवर आणायचं जाहीर झालं. इतकी जुनी आवृत्ती प्रत्यक्ष वापरणारे थोडे आणि सांभाळणाऱ्यांची मात्र दमछाक, असं ते गणित होतं.

तुमच्या चौदाची मुदत १२ नोव्हेंबर २०२६ ला संपते. त्यानंतर मुलगा आला तरी टाकण्यासारखं काही नसेल. तेव्हा मार्चअखेर, ऑडिट आणि वार्षिक सभा यांच्या गर्दीत न शिरता मधला एखादा निवांत महिना बघा. त्याला सांगा, कालच्या बॅकअपची प्रत वेगळ्या संगणकावर टाक, तिथे १७ किंवा १८ वर ने आणि तुमच्याच कारकुनाला तिथे एक दिवस कामाला बसव: पिग्मीचा भरणा, कर्जाचं व्याज, दिवसअखेर, थकबाकीची यादी. हिशेबाचं सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेतलंय, त्यांचं लेखी उत्तरही मागा, की त्यांचा प्रोग्राम नव्या आवृत्तीवर चालतो. फोनवरचं 'चालतंय की साहेब' धरू नका.

प्रश्न : माझ्याकडे आयफोन ६ आहे. नवीन आयओएस याला मिळणार नाही असं दुकानदारानं केव्हाच सांगितलं होतं. तरी २०२३ च्या सुरुवातीला अचानक एक अपडेट आलं. जुना फोन हळू करून नवा घ्यायला लावायची ही युक्ती तर नाही?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : ते अपडेट १२.५.७ होतं आणि ते टाकलंत तर बरं केलंत. आयओएस १२ मूळ २०१८ ची. हे अपडेट आलं तेव्हा ॲपलचे नवे फोन १६ वर होते. वेब पानं दाखवणाऱ्या वेबकिट या भागात एक भोक होतं. मुद्दाम तयार केलेलं पान उघडलं की फोनमध्ये परका कोड चालवता यायचा, आणि कुणीतरी त्याचा प्रत्यक्ष वापर केला असावा, असं खुद्द ॲपलचंच म्हणणं होतं. नव्या फोनांत ते २०२२ संपायच्या आतच बुजवलं होतं. खरी मेख इथे आहे. नव्या आवृत्तीतली दुरुस्ती बाहेर पडली, की चोरांना फार डोकं लढवावं लागत नाही. दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा प्रोग्राम शेजारी ठेवून कुठे काय बदललं ते बघायचं, म्हणजे भोक नेमकं कुठे होतं ते कळतं. त्यामुळे नव्याची दुरुस्ती जाहीर झाली त्या दिवसापासून जुना फोन आधीपेक्षा जास्त उघडा पडतो. त्याला वाऱ्यावर सोडणं बरं दिसत नाही.

त्याआधी २०१९ मध्ये आयफोन ५ लाही असंच आडवळणाचं अपडेट आलं होतं, १०.३.४. जीपीएस उपग्रह आठवड्यांचा जो क्रमांक पाठवतात तो १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. तो २०१९ च्या एप्रिलमध्ये आला. आयफोन ५ वर त्याचा परिणाम ३ नोव्हेंबरपासून जाणवणार होता: तारीख चुकणार, आणि तारीख चुकली की ईमेल, ॲप स्टोअर, वेब पानं उघडणं, सगळंच अडणार, कारण सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं तारीख बघूनच खरी मानली जातात. सात वर्षांच्या जुन्या फोनला फक्त दिवस बरोबर मोजता यावेत म्हणून अपडेट.

तुमचा संशय अगदीच हवेतला नाही, हेही सांगायला हवं. २०१७ च्या जानेवारीतल्या १०.२.१ नं बॅटरी थकलेल्या काही आयफोनांचा वेग खरोखरच कमी केला होता, आणि त्यात आयफोन ६ होता. बॅटरी दमली की फोन एकदम बंद पडायचा, ते टाळण्यासाठी हे केलं, असं ॲपलनं सांगितलं, पण सांगितलं ते डिसेंबरात, लोकांनी वेग मोजून बोभाटा केल्यावर. ग्राहकांना न सांगितल्याबद्दल फ्रान्समध्ये २०२० साली अडीच कोटी युरोंचा दंड झाला. कारण पटण्यासारखं होतं, लपवणं नव्हतं. तेव्हा अपडेटबरोबर काय लिहून आलंय ते वाचायची सवय ठेवा. 'सुरक्षेसाठी' इतकंच लिहिलं असेल आणि आकड्याचा शेवटचा तुकडाच तेवढा बदलला असेल, तर डोळे मिटून टाका.

प्रश्न : आमच्या छापखान्यात पेजमेकर आणि जुन्या मराठी फॉन्टसाठी विंडोज एक्सपीचा एक संगणक अजून ठेवला आहे. त्याला कसलंच अपडेट येत नाही, पण काम काही अडत नाही. मग हे अपडेटचं एवढं स्तोम कशासाठी?
– एक मुद्रक, कोल्हापूर

उत्तर : तो संगणक इंटरनेटला जोडलेला नसेल, तर तुमचं म्हणणं मान्य. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत बसवलेली पुस्तकं नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की अक्षरांचा कसा खेळखंडोबा होतो, हे तुम्हाला सांगायला नको. जोडलेला असेल, तर आज जेवायच्या सुट्टीत केबल काढा.

एक्सपीची सेवा ८ एप्रिल २०१४ ला संपली. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला, ब्रिटनमधली सरकारी इस्पितळं अडली, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठी अपवाद म्हणून दुरुस्ती काढली. पण नंतर हिशेब लागला तेव्हा दिसलं, की झळ बसलेले बहुतेक संगणक एक्सपीचे नव्हतेच. ते विंडोज ७ चे होते. त्या वेळी सातही जुनीच आवृत्ती होती, दहा येऊन दोन वर्षं होत आली होती. तिची सेवा मात्र चालू होती आणि नेमक्या त्या भोकाची दुरुस्ती १४ मार्चलाच, जवळजवळ दोन महिने आधी, मोफत देऊन झाली होती. लोकांनी टाकली नव्हती, इतकंच.

पुढच्याच महिन्यात, जूनमध्ये, नॉटपेट्या आला. तोही इतर वाटांबरोबर हीच वाट वापरत होता. मर्स्क या जहाज कंपनीचा जगभरचा कारभार बंद पडला आणि न्हावा-शेव्याला जेएनपीटीमधल्या तिच्या टर्मिनलवर कंटेनर अडकून पडले. (गंमत अशी, की तो शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. अपडेट म्हणजे सगळं पवित्र, असंही नाही.) आपल्याकडच्या एटीएममध्येही एक्सपी बराच काळ होतं. शेवटी २०१८ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना टप्पे आखून दिले, की सेवा चालू असलेली विंडोज सगळ्या एटीएममध्ये २०१९ च्या जूनपर्यंत आली पाहिजे.

छापखान्याचं म्हणाल तर धोका पेनड्राइव्हचा. गिऱ्हाईक मजकूर घेऊन येतं तो पेनड्राइव्ह एक्सपीला थेट लावू नका. आधी नव्या संगणकावर तपासून, तुमच्या स्वतःच्या वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. पीडीएफ तिथेच बनवा आणि तेवढीच बाहेर आणा. बाकी, त्या वयाच्या संगणकाला व्हायरसच्या आधी हार्ड डिस्क किंवा एसएमपीएस दगा देण्याची शक्यता मला जास्त वाटते. फॉन्टची सीडी, पेजमेकरची सीडी, एखादं फॉन्टचं डोंगल असेल तर त्याचा जुना ड्रायव्हर, आणि चालू पुस्तकांच्या फाइली, या चारांची प्रत दुसरीकडे आहे का, ते या आठवड्यात बघून घ्या.